खाई त्याला खवखवे: खाजऱ्या रानभाज्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस बावड्याच्या घाटात उतरला की माझ्या फोनवर पानांचे फोटो यायला लागतात. (बावडा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातला गगनबावडा. शहराजवळच्या कसबा बावड्यात आग्यासारखं खाजरं झाड उगवत नाही, तिथं ऊस उगवतो.) फोटोखाली प्रश्न ठरलेला: "हे खाल्लं तर चालतंय का?" तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून काढलं. मी वैद्य नाही, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापकही नाही. आत्तीच्या मागं रानात हिंडून शिकलेला आणि दोन-तीनदा चांगलाच भाजून निघालेला माणूस आहे. त्या मापानंच वाचा.

खाजणारी झाडं म्हणजे नेमकी कोणती?

लोक सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपल्या घाटात खाजेचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत. आग्या किंवा मोठी खाजोटी हात लागताच झोंबते, विंचू चावल्यासारखी. खाजकुइलीच्या शेंगेवरची सोनेरी कुसं अंगावर पडली की माणूस कपडे काढून पळतो. अळू, सुरण, शेवळं ही तिसरी मंडळी दिसायला साळसूद. त्यांना बाहेरून बिनधास्त हात लावता येतो, पण कच्ची तोंडात गेली की घसा धरतात. या तिघांची खाज वेगळी, त्यामागचं कारण वेगळं, म्हणून उताराही वेगळा. एकीचा इलाज दुसरीला चालत नाही.

युरोपात नेटलचं सूप करतात, उत्तराखंडात बिच्छू घास खातात. ती इकडे मिळते का?

नाही. नेटल आणि बिच्छू घास एकच, उर्टिका डायोइका, थंड हवेची. हिमालयात भरपूर, गढवालात तिला कंडाली म्हणतात, नेपाळात सिस्नो. सह्याद्रीत जिची गाठ पडते ती तिची चुलत बहीण, जिरार्डिनिया डायव्हर्सिफोलिया, म्हणजेच आपला आग्या. दोघी एकाच कुळातल्या, पण आपली दांडगी आहे. ती पुरुषभर सहज वाढते आणि झोंबतेही जास्त. हीच झाडं नेपाळच्या डोंगरात अल्लो म्हणून ओळखली जातात. तिथल्या बायका त्यांच्या सालीचा धागा काढून कापड विणतात.

आग्या ओळखायचा कसा?

ओलसर, सावलीच्या जागी बघा: ओढ्याकाठी, दरडीच्या पायथ्याशी, जुन्या पडक्या भिंतींच्या आडोशाला. पान तळहातापेक्षा मोठं, बहुतेक वेळा कापलेलं, बोटं फाकलेल्या पंजासारखं, कडेला जाड दाते. देठावर आणि खोडावर लांब, ताठ, पांढरट केस. उन्हाच्या तिरिपीत तेच आधी चमकतात. पानं एकाआड एक येतात. बाहेरच्या व्हिडिओत दिसणाऱ्या नेटलची पानं समोरासमोर असतात, त्यामुळे ते व्हिडिओ बघून आपल्या घाटात ओळख पटवायला जाऊ नका.

नावावर तर अजिबात विसंबू नका. एका गावात ज्याला आग्या म्हणतात, त्याला दुसऱ्या गावात खाजोटी. आणि तिसऱ्या गावात आग्या म्हणजे एक सडपातळ वेल, ट्रॅजिया. तीही झोंबते, पण तिचं घराणं एरंडाचं आणि ती भाजीची नाही. वेल दिसली की हात मागं घ्या.

झोंबतं ते नेमकं काय?

आग्याचा एकेक केस म्हणजे काचेची सुई आहे. टोकाला बारीक गोळी, ती सिलिकाची, म्हणजे खरोखरच काचेच्या जातीची. बोट लागलं की गोळी तिरकी तुटते, उरलेलं टोक इंजेक्शनच्या सुईसारखं कातडीत घुसतं आणि मुळाशी असलेल्या फुग्यातला रस आत जातो. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकाखाली नेटलचा केस पाहून हे सगळं लिहून ठेवलंय.

शाळेत आपल्याला शिकवलं की त्यात फॉर्मिक ॲसिड असतं, मुंगीचं असतं तसं. असतं, पण नावापुरतं. खरी आग हिस्टामिन, ॲसिटिलकोलिन आणि सेरोटोनिन यांची. ही द्रव्यं आपल्याच शरीरात निरोप पोचवायचं काम करतात, म्हणून आत गेल्या गेल्या शरीर त्यांना ओळखतं. नेटलच्या बाबतीत मागाहून बराच वेळ जे ठणकत राहतं, त्याला ऑक्झॅलिक आणि टार्टारिक ॲसिडही कारण असल्याचं दिसून आलंय.

मग तीच पानं खाल्ल्यावर तोंड कसं भाजत नाही?

कारण सुई तुटायला ती ताठ असावी लागते. उकळत्या पाण्यात पान पडलं की केस लुळे पडतात, फुगे फुटतात आणि आतला रस पाण्यात मिसळून निकामी होतो. दोन-तीन मिनिटांत पालक आणि आग्यात झोंबण्यापुरता फरक उरत नाही. मी पाच मिनिटं ठेवतो, कारण माझी आत्ती दहा ठेवायला सांगते आणि मी मधला मार्ग काढलाय.

वाळल्यावर खाज जाते, असंही सांगतात. वाळवून, चुरून घेतलं तर बहुतेक जाते. पण नुसतं सुकलेलं पान म्हणजे मेलेलं पान, असं समजू नका. एकदा आग्या ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आणला, ती पिशवी मी घडी करून गाडीच्या डिकीत टाकली. चार दिवसांनी बायकोनं त्याच पिशवीतून मेथी आणली. त्या संध्याकाळी घरी काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. आता आग्याची पिशवी वेगळी, तिला लाल दोरी बांधलेली असते.

तोडायचं कसं?

रबरी हातमोजे घ्या, भांडी घासायचे चालतात, पण कोपरापर्यंत येणारे. लोकरीचे किंवा सुती हातमोजे म्हणजे नुसतं समाधान, केस त्यातून आरपार जातो. माझा पहिला मार मनगटाला बसला. हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते, तिथल्या दोन बोटांच्या उघड्या पट्टीवर. पूर्ण बाहीचा शर्ट, पूर्ण पँट, बूट. घाटात जळवा असतातच, त्यामुळे हा पोशाख वाया जात नाही.

शेंड्याची चार-सहा कोवळी पानं कात्रीनं कापून थेट पिशवीत पाडायची. हातात धरून कापायचं नाही. जुलै-ऑगस्ट हा काळ चांगला. फुलोरा आला की थांबायचं. एक तर तो फुलोरा पानापेक्षा जास्त केसाळ असतो, शिवाय या कुळातल्या जून पानांत खनिजाचे खडे साठतात आणि भाजी दाताखाली वाळूसारखी करकरते.

एका झाडाचा एकच शेंडा घ्या. आग्यावर फुलपाखरांच्या अळ्याही जगतात, त्यांना आपल्यासारखी मंडई नाही.

भाजी कशी करायची?

आमच्या बाजूला आग्याची भाजी करायची जुनी रीत मी पाहिलेली नाही. आत्ती तर पहिल्या दिवशी म्हणाली, "आरं, जनावर सुदिक तोंड लावत न्हाई त्येला." मी करतो ती पद्धत गढवालच्या कंडालीच्या भाजीवरून उचललेली आणि आपल्या गरगट्ट्यात बसवलेली आहे.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा, मूठभर मीठ नको, चमचाभर पुरे. पिशवी पातेल्यावर उपडी करा आणि पानं चिमट्यानं खाली दाबा. एक मोठी पिशवीभर पानं बघता बघता वाटीभर होतात. घाबरू नका, सगळ्या पालेभाज्यांचं हेच रडगाणं आहे. पाच मिनिटांनी पानं उपसून घ्या. इथून पुढं हातमोजे लागत नाहीत. हा क्षण मला अजूनही गमतीचा वाटतो. ज्या पानाला मघाशी चिमट्यानं धरत होतो, त्याला आता मुठीत पिळतो.

चिरून घ्या. आधी शिजवलेली मूठभर तूरडाळ आणि दोन चमचे तांदळाच्या कण्या घेऊन एकत्र शिजवा, रवीनं घोटा. वरून तेलात ठेचलेला लसूण चांगला तांबूस होऊ द्या, हिरवी मिरची, जिरं, आणि शेवटी शेंगदाण्याचा कूट. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खा. कांदा-लसूण चटणी घालू नका. मी कोल्हापूरचाच आहे, चटणीशिवाय मलाही जेवल्यासारखं वाटत नाही, पण प्रत्येक भाजीला एकाच चवीची करायची आपली खोड इथं आवरा. चटणीच खायची तर पालक काय वाईट?

उकळलेलं पाणी टाकायचं का?

आग्याचं नाही. गडद हिरवं असतं, मी तेच डाळीत घालतो. गाळून मात्र घ्या. अळवाचं पाणी टाकायचं आणि कुइलीच्या बियांचं तर टाकायचंच. ही तीन वेगवेगळी उत्तरं लक्षात ठेवा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

चव कशी लागते? आणि खाऊन फायदा काय?

पालकाला जंगलाचा वास आला तर कसा लागेल, तशी. जरा दाट, जरा मातकट. ज्याला अंबाडी-चुक्याची सवय आहे त्याला सपक वाटेल, वरून लिंबू पिळा.

फायद्याचं म्हणाल तर उर्टिका नेटलचे आकडे नोंदलेले आहेत. उकडलेल्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम. तेवढ्याच दुधात साधारण १२० असतं. पण तेवढ्यानं "कॅल्शियमचा खजिना" असे मेसेज पाठवू नका. पानातलं सगळंच कॅल्शियम अंगी लागत नाही आणि वर्षातून चारदा खाल्लेल्या भाजीनं हाडं बदलत नाहीत.

कच्ची पानं मिक्सरमधून काढून प्यायली तर?

बाहेरच्या देशात लोक पितात. कच्चं पान विशिष्ट घडीनं दुमडून चावून दाखवणारे बहाद्दरही आहेत. तुम्ही हे आग्यावर करू नका. घशाची सूज ही मनगटावरच्या गांधीसारखी वाट बघण्याची गोष्ट नाही.

अळू का खाजतं? चिंच घातली की का थांबतं?

अळवाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया असतात, दोन्ही टोकांना अणकुचीदार, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या जुडग्यानं बांधलेल्या. पान चावलं की पेशी फुटते आणि सुया सुटतात. त्या घशाला ओरखडे काढतात, आणि सोबत असलेली प्रथिनं त्या ओरखड्यांत उतरून आग लावतात. नुसती सुई एवढी वाईट नाही, सुईला लावलेलं वाईट.

आता चिंचेचं. सगळ्या आज्ज्या चिंच, आमसूल नाहीतर ताक घालतात आणि त्यांची भाजी खाजत नाही, हे खरंच आहे. पण चिंचेनं सुया विरघळतात, हे स्पष्टीकरण बरोबर नाही. कॅल्शियम ऑक्झॅलेट एवढ्या सौम्य आंबटात विरघळत नाही. खरं काम चूल करते. भरपूर शिजवल्यावर ती प्रथिनं मोडतात, पेशी मऊ पडतात, पाणी टाकलं की बराच माल त्याबरोबर जातो. आंबट हवंच, चवीसाठी हवं, घशाला बरं वाटतं म्हणूनही हवं. फक्त चिंच घातली म्हणून दहा मिनिटांत गॅस बंद करू नका. अळवाचं गरगट्टं देठासकट लगदा होईपर्यंत शिजायला पाहिजे. कुकरच्या चार शिट्ट्या, आणि उघडून देठ बोटात चिरडून बघा.

वडीसाठी काळ्या देठाचं अळू घ्या. ओढ्याकाठचं रानअळू, ज्याला तळकोकणात तेरं म्हणतात, भाजीला चांगलं, पण खाज जास्त. पहिल्यांदा करणार असाल तर शिजल्यावर चमचाभर जिभेवर घ्या आणि दहा मिनिटं थांबा, मगच ताटं वाढा.

सुरण चिरताना हात खाजतात. काय करू?

पाणी लावू नका. हे एवढंच उत्तर आहे, पण ते मी ज्या दिवशी शिकलो तो दिवस सांगतो.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. सुरणाचं पान वाळून पडलं की कंद काढतात. आत्तीनं परड्यातला रानसुरण काढलेला, नारळाएवढा, वर माती आणि मुळांच्या गाठी. मी हौसेनं नळाखाली धुतला, सोलायला घेतला आणि पाच मिनिटांत बोटांच्या बेचक्यांत मुंग्या चालायला लागल्या. आत्तीनं कंद माझ्याकडून ओढून घेतला, फडक्यानं कोरडा पुसला. शेंगतेलाची वाटी घेतली आणि नखांपासून कोपरापर्यंत दोन्ही हात असे माखले, जसे पैलवान अंग माखतात. विळीची पात वर केली, पातीलाही तेलाचं बोट फिरवलं. साल जाड काढली, अर्धा इंच गर गेला तरी फिकीर केली नाही. आतला गर केशरी-गुलाबी, त्याला सुटलेला बुळबुळीत रस पातीवरून तिच्या बोटावर येत होता, पण तेलावरून घसरून जात होता. फोडी पडल्या त्या थेट चिंचेच्या कोळात. काम संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिचा नियम असा की सुरण चिरताना "खाज" हा शब्द उच्चारायचा नाही, नाहीतर खाजतं. शेवटी चुलीतली राख हाताला चोळली, मग पाणी घेतलं. आणि मला म्हणाली, "खाजंना तर त्यो सुरण कसला?"

त्या फोडी रात्रभर कोळात होत्या, सकाळी पाणी फेकलं, परत उकडल्या, परत पाणी फेकलं, मग तव्यावर तेलात खरपूस केल्या. बाजारातल्या सुरणाला एवढा उपद्व्याप लागत नाही. 'गजेंद्र'सारख्या लागवडीच्या जाती मुद्दाम कमी खाजणाऱ्या निवडलेल्या आहेत. त्यामुळे "आम्ही तर नुसता तळतो" असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, सुरण मंडईतला की रानातला?

शेवळं कोल्हापुरात मिळतात का?

शेवळं ही ठाणे-रायगडकडची दौलत. सुरणाच्याच जातभाईचा फुलोरा, जूनच्या पहिल्या पावसात जमिनीतून वर येतो. तिकडे त्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात खाज मारायला. तिकडच्या पाहुण्यांनी आणली तर करायलाही त्यांनाच सांगा.

खाल्ल्यावर घसा खवखवायला लागला तर?

गार दूध, ताक, दही, लिंबू-गूळ, जे हाताशी असेल ते सावकाश घोट घोट घ्या. बर्फ चोखला तरी बरं वाटतं. अळू-सुरणाची खवखव बहुतेक वेळा काही तासांत उतरते. पण जीभ किंवा ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येईना किंवा श्वासाला त्रास वाटला, तर ताक-बिक सोडा आणि तडक दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर त्याच्या बाबतीत वाट बघूच नका.

खाजकुइली खातात म्हणे?

कुसं नव्हे, बिया. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात, माकडालाही खाज आणणारी, आणि आत्मगुप्ता, स्वतःची राखण स्वतः करणारी. दुसरं नाव मला फार आवडतं. कौंच पाक या बियांचाच.

बियांत लेव्होडोपा असतं, तेच जे कंपवाताच्या रुग्णांना औषध म्हणून देतात. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये ते या बियांतून वेगळं केलं. प्रमाणही थोडंथोडकं नाही, कच्च्या बियांत साधारण शंभरात तीन ते सहा भाग. म्हणून बिया भिजवून, सोलून, दोन-तीन पाण्यांत उकळून, प्रत्येक पाणी फेकून मगच वापरतात. हे पाणी फेकणं म्हणजे सोवळं-ओवळं नव्हे. १९८९च्या सुमारास मोझांबिकमध्ये दुष्काळात लोकांनी याच जातीच्या बिया खाल्ल्या. फेकायला पाणीच नव्हतं म्हणून उकळलेल्या पाण्यासकट खाल्ल्या, आणि दोनशेच्या आसपास माणसांना भ्रम, बडबड, वेडाचे झटके आले.

माझं मत विचाराल तर रानातल्या कुइलीच्या नादाला लागू नका. भाजी म्हणून काही विशेष नाही, आणि औषध म्हणून ती घरी मोजून घ्यायची गोष्ट नाही.

कुइली अंगावर पडली तर?

खाजवू नका. आपल्याकडे खाजवून खरूज काढणे म्हणतात, ते इथं शब्दशः लागू पडतं. खाजवल्यानं कुसं आणखी आत जातात आणि नखांतून दुसरीकडे पसरतात. कपडे जपून काढा, रुंद चिकटपट्टी कातडीवर दाबून उचला, पुन्हा नवी पट्टी लावा. मग साबणानं धुवा. गावाकडे शेणाचा लेप देऊन वाळल्यावर उपटतात. युक्ती चिकटपट्टीचीच आहे, पण ओरबाडलेल्या कातडीवर शेण नको, धनुर्वाताची भीती. डोळ्यांत गेलं तर भरपूर स्वच्छ पाणी आणि डोळ्यांचे डॉक्टर.

ॲलर्जीची गोळी घेऊनही फरक पडला नाही, अशी तक्रार नेहमी येते. बरोबर आहे. कुइलीची खाज हिस्टामिनची नाही. कुसांवरचं म्युक्युनेन नावाचं एन्झाइम खाजेच्या नसांना थेट छेडतं, त्यामुळे हिस्टामिन अडवणाऱ्या गोळीला तिथं फारसं काम नसतं.

माघाच्या सुमारास शेंगा वाळतात तेव्हा वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहू नका. शेंग हातात घ्यायचीही गरज पडत नाही.

आणि आग्या लागला तर?

दहा मिनिटं हात लावू नका, चोळू तर मुळीच नका. मग चिकटपट्टी, मग साबण आणि गार पाणी. पुरळ बहुतेक वेळा काही तासांत बसतो, मुंग्या येणं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकतं. अंगभर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर डॉक्टर.

जे खाजत नाही ते खायला सुरक्षित ना?

उलटं आहे, आणि या सगळ्या पानावरचं हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल. खाजणारं झाड तुम्हाला आधीच बजावतं. ज्या झाडांनी माणसं मारली आहेत, त्यातली कित्येक स्पर्शाला लोण्यासारखी मऊ आहेत.

कळलावी घ्या. श्रावणात घाटाच्या कुंपणांवर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं येतात तीच. कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा, मातीत रताळ्यासारखा दिसतो. हाताला काही होत नाही. पण त्यात कोल्चिसीन असतं. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि पुढं रक्त, किडनी, सगळंच कोसळू शकतं. करांदे शोधायला गेलेल्या नवख्या माणसानं हा कंद उचलला तर त्याला सावध करायला झाडाकडे एकही काटा नाही.

अळवासारखं दिसतंय म्हणून अळू, हेही चालत नाही. बंगल्यांच्या दारातली शोभेची मोठ्या पानांची अळवं आणि पावसाळ्यात घाटात फणा काढून उभा राहणारा सापकांदा, दोन्ही याच कुळातली. दोन्ही भाजीत घालायची नाहीत.

कुठून तोडलं तर चालतं?

ओळखीच्या माणसाच्या मालकीच्या रानातून, विचारून. राधानगरी अभयारण्यातून नाही, एक पानही नाही. दाजीपूरच्या गव्यांसाठी १९५८ मध्ये राखलेलं हे रान आज जागतिक वारसा यादीत आहे, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिथून काही उचलणं गुन्हा आहे. देवराईतूनही नाही. तिथं कायद्याच्या आधी गावकरी विचारतील.

उसाच्या बांधावरची भाजी घेण्याआधी तणनाशक कधी मारलंय ते शेतकऱ्याला विचारा. आणि जयंती नाल्याकाठचं अळू कितीही तरारलेलं दिसलं तरी ते का तरारलंय याचा विचार करा. पंचगंगेचा पूर ओसरल्यावर काठावरचं त्या हंगामात मी काहीच खात नाही.

कुणी खाऊ नये?

मुतखडा झालेल्यांनी अळू-सुरण जपून, डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर आग्यासारख्या गडद पालेभाज्या अचानक वाढवू नका, त्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. कंपवाताची औषधं घेणाऱ्यांनी कौंचाच्या कोणत्याही पाकाला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये. गरोदर बायकांनी यातलं नवं काही पहिल्यांदाच करून बघू नये.

शहरात विकत मिळतं का?

अळू, सुरण बारमाही. लक्ष्मीपुरी आणि कपिलतीर्थ मंडईत पावसाळ्यात सकाळी लवकर गेलात तर कडेला पोतं अंथरून घाटावरच्या बायका बसतात, त्यांच्याकडे रानअळू आणि इतर रानभाज्या मिळतात. घासाघीस करू नका, आणि मावशींना विचारा, "कशी करायची?" त्या जे सांगतील ते या पानापेक्षा जास्त कामाचं असेल. ऑगस्टमध्ये कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सव भरतात, तिथं भाजी आणि ती करणारी बाई एकाच जागी भेटते. आग्या मात्र कुणी विकत नाही. मी एका मावशींना विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, त्यावरून पुन्हा विचारलं नाही.

आग्या कुंडीत लावता येईल का?

सावली आणि ओल मिळाली तर येईल. मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्या माणसाची वाट तेवढी मोकळी ठेवा.